धोंड्याच्या महिन्यातलं मागणं

पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. बघता बघता कढईभर त्याचा चुरा तरंगायला लागला, तशी गोदावरीबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला.

"घ्या! जावई दारात आला की यांले हसू सुचते."

"पीठ सैल झालं, आत्याबाई," सून अनसूया म्हणाली. "थोडी कोरडी पिठी टाकू का?"

"टाक बापा. विमलनं मळलं ना ते! तिचं ध्यान इथं असंल तेव्हा पीठ नीट होईल."

विमल खिडकीशी उभी राहून ओसरीवर बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे बघत होती. "माहं ध्यान इथंच तं आहे, माय."

"हाव, दिसून राहिलं ते."

तिघीही हसल्या. घरात अशी हसण्याजोगी सकाळ होती. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना यंदा श्रावणाला लागून आला होता, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. बाकीच्या महिन्यांत त्याला नावं ठेवायला कुणाची हरकत नसते, पण या महिन्यात त्याला पाटावर बसवायचं, अनारशांचं ताट वाण म्हणून द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तो मागेल ते हसतमुखानं द्यायचं. रिकाम्या हातानं पाठवला तर तीन वर्षं घराला रुखरुख लागते, असं गोदावरीबाईंची सासू सांगायची. आता त्याही सुनेला तेच सांगायच्या.

जावई कमलाकांतराव अकोल्याला नायब तहसीलदार होते. काल संध्याकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं नवराबायको अमरावतीला आली, तर विमलच्या वडिलांनी, डॉक्टर मोरोपंतांनी, त्यांना अंगणातच अडवलं. "आधी न्हाणी, मग नमस्कार!" अकोल्यात पटकी लागली होती. माणसं सकाळी उलट्याजुलाब व्हायला लागून दिवस मावळायच्या आत जात होती. म्हणून दोघांचे कपडे मोठ्या गंजात घालून उकळले गेले. त्यात जावयाचं नवं तांबडं उपरणंही गेलं आणि त्याच्या रंगानं विमलची पांढरी चोळी गुलाबी झाली. आज सकाळी ती दोरीवर वाळत होती आणि येणारंजाणारं विचारत होतं, रंगपंचमी कधी झाली म्हणून.

गोदावरीबाई खूश होत्या. लेक घरी होती, सुरक्षित होती. आणि मुख्य म्हणजे नवरा घरी होता. तीस वर्षं या माणसानं सरकारी दवाखाने सांभाळले, आधी चांदूर बाजारला, मग अकोल्याला. तीस वर्षांतल्या किती दिवाळ्या त्यांनी एकत्र केल्या हे बोटांवर मोजता आलं असतं. आता दोन वर्षं झाली पेन्शनीला. परसात संत्र्याची कलमं लावली होती. दुपारी ते गोदावरीबाईंच्या शेजारी भाजी निवडायला बसायचे आणि निवडता निवडता अर्ध्या शेंगा कच्च्याच खायचे. त्या ओरडायच्या. ओरडायला माणूस समोर असणं यासारखं सुख नाही, हे त्यांना म्हातारपणीच कळलं.

हे सुख त्यांनी फुकटात मिळवलं नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पातूरला पटकी लागली तेव्हा मोरोपंतांना अकोल्याहून तिकडं धाडलं होतं. परत आले ते छकड्यात आडवे, डोळे खोबणीत गेलेले, आवाज बसलेला. गोदावरीबाईंनी चमच्या-चमच्यानं मिठाची पेज पाजून त्यांना माघारी ओढलं. उठून बसले त्या दिवशी त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "म्हणा, पुन्हा पटकीच्या गावात पाय ठेवणार नाही." त्यांनी तशी शपथ घेतली. तेव्हापासून बाई निर्धास्त झोपत होत्या.

ओसरीवर कमलाकांतरावांची मात्र उलटतपासणी चालली होती.

"विहिरींत लाल औषध टाकलं का?" मोरोपंत विचारत होते. सकाळपासूनचा हा दहावा प्रश्न असावा.

"टाकलं, मामंजी. पण जुन्या शहरात कोणी ते पाणी प्यायला तयार नाही. सरकारनं रक्त कालवलं म्हणतात. पोट्टे-बाया सगळे मोर्णा नदीवर जाऊन राहिले पाण्याले."

"मोर्णेवर!" मोरोपंत ताडकन उभे राहिले. "अहो, धुणं तिथंच, घाण तिथंच, अन् प्यायचं पाणीही तिथूनच? नवा डॉक्टर काय करून राहिला? औषध टाकलं की लोटा काढून, सगळ्यायच्या समोर, पहिलं पाणी आपण प्यायचं असते. मग मुकादमानं. मग आपोआप बाया घागरी बुडवतात."

"त्याले कोणी सांगतलं नसंल. नागपूरचा पोरगा आहे. अन् आता तोच खाटेवर पडला."

मोरोपंत सावकाश खाली बसले. "मंग दवाखाना कोण पाहते?"

"सत्तारमियाँ."

अब्दुल सत्तार हे मोरोपंतांचे अकोल्याचे कंपाउंडर. अठरा वर्षं दोघांनी एका टेबलावर औषधं मिसळली होती. मोरोपंतांनी पायाशी पडलेलं संत्र्याचं पान उचललं आणि बोटांनी त्याचे बारीक तुकडे करायला घेतले.

कमलाकांतरावांना ते पाहवेना. खरं सांगायचं तर हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कचेरीत विनोद करायची खोड होती. धोंड्याला सासरी जायची रजा मागताना तो साहेबासमोर हसत म्हणाला होता, "सायेब, या महिन्यात सासरा जावयाला कशालाच नाही म्हणत नाही." साहेब हसला. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला परत बोलावलं, आणि तेव्हा तो हसत नव्हता. "तुझा सासरा डॉक्टर आहे ना? जा, आणि माग. तू आणलंस तर ठीक, नाहीतर पेन्शनीतल्या डॉक्टरांना परत हजर करण्याचा हुकूम मला काढावा लागेल." असा विनोद कमलाकांतरावांच्या अंगाशी आला होता. विमलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, नवऱ्यानं आपल्याला पटकीतून बाहेर काढून माहेरी आणलं. ते खरंही होतं, पण अर्धंच.

दुपारी पाट मांडले. समोर रांगोळी, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मधोमध तुपाचा दिवा. पूर्वेकडे तोंड करून कमलाकांतराव आणि विमल, त्यांच्यासमोर मोरोपंत, आणि त्यांच्या उजव्या हाताला पळी-पंचपात्री घेऊन गोदावरीबाई. दान करायचं तर ताट नवऱ्यानं धरायचं आणि त्याच्या हातावर पाणी बायकोनं सोडायचं. एकट्याचं दान देवाला पोचत नाही.

"बोला जावईबापू," गोदावरीबाई कौतुकानं म्हणाल्या. "आधी मागणं, मग वाण. लाजू नका. मागच्या खेपेले छत्री मागतली होती तुमी, अख्ख्या गल्लीत हसं झालं. यंदा काही भारी मागा."

कमलाकांतरावांनी मान खाली घातली. विमलनं कोपरानं ढोसलं. "मागा ना."

"मामंजी पायजेत," ते म्हणाले.

"काय?"

"मामंजींना अकोल्याले न्यायचं आहे. पटकी आटोक्यात येईपर्यंत. साहेबाचं सांगणं आहे. नाही आले तं हुकूम निघणार आहे." त्यांनी सगळं एका दमात ओकून टाकलं.

सगळ्यात आधी विमल बोलली, आणि जी बोलली ती अशी की स्वयंपाकघरातली मांजर पळाली.

"म्हणून मले आणलं का माहेरी? वरून बायको, खालून सरकारी काम! मी कालपासून देवाले हात जोडून राहिले की नवरा किती मायाळू भेटला. अन् तुमी माह्या बापाले न्यायले आलात?"

"विमल, ऐक तं—"

"काय ऐकू!"

"थांबा, थांबा," उद्धव पुढं सरसावला. हा मोरोपंतांचा थोरला मुलगा, अमरावतीच्या कोर्टात वकील. एरवी तो घरात वऱ्हाडी बोले, पण कायदा तोंडात आला की जिभेवर पुणं चढायचं. "कमलाकांतराव, आपल्या साहेबांना माझा निरोप सांगा. पेन्शन म्हणजे केलेल्या चाकरीचं फळ, पुढच्या चाकरीचा विसार नव्हे. असा हुकूम कोणत्याही कायद्यात बसत नाही. आज पटकी आली म्हणून डॉक्टर धरून न्याल. उद्या खून वाढले म्हणून पेन्शनीतल्या जज्जाला खुर्चीवर बांधाल काय?"

"खून झाला अन् जज्ज नाही भेटला तं कोणी मरत नाही," अनसूया म्हणाली. "जो मरायचा तो आधीच मेलेला असते."

सगळे तिच्याकडे वळले. लग्न होऊन सात वर्षं झाली, अनसूया नवऱ्याच्या बोलण्यावर कधी बोलली नव्हती. तिचं तोंड लाल झालं होतं, पण ती थांबली नाही.

"माहे आईबाप अकोल्यात आहेत. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाले. काल वन्संनी सांगतलं, पटकी तिकडंच जास्त आहे. मी कालपासून पुरण वाटून राहिले, अनारसे तळून राहिले, अन् मनात एकच की कोणी तरी जावं. कायद्यानं जावं का बिनकायद्यानं, मले काय करायचं आहे?"

"तू मध्ये बोलू नकोस," उद्धव म्हणाला.

"बोलू दे तिले," मोरोपंत म्हणाले.

उद्धवच्या जिभेवरचं पुणं उतरलं. "नाना, मी तुमच्यासाठीच भांडून राहिलो ना! मागच्या टायमाले पातूरहून तुमाले कसं आणलं ते म्या पाह्यलं आहे. छकड्यातून उचलून मीच आत नेलं. लाकडासारखे हात लागत होते तुमचे." त्याचा आवाज चिरकला. मग तो रागानं दाराकडे बघत राहिला.

विमल नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी? तुमी तं राहणार ना इथं?"

"मी कसा राहीन? उद्याच्या गाडीनं परत. नोकरी आहे, विमल."

एवढा वेळ विमल नवऱ्यावर तोंड टाकत होती. आता तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. गोदावरीबाई आई होत्या, त्यांना ते वाचायला वेळ लागला नाही. नाना अकोल्यात असले तर आपल्या माणसाकडं बघायला कुणी तरी राहील, हे पोरीच्या मनात आलं होतं, आणि आलं म्हणून ती लाजली होती. बाईंना तिचा राग आला नाही. त्यांनीही याहून वेगळं काय केलं होतं?

पण याचा अर्थ त्या एकट्या पडल्या. त्यांच्या बाजूला उरला उद्धव, आणि उद्धवचं नि त्यांचं तर भाजीत मीठ किती यावरही जमत नव्हतं.

"शपथ आहे," त्या म्हणाल्या. "माह्या डोक्यावर हात ठेवून घेतली आहे त्याईनं. सरकारचा हुकूम माह्या डोक्यापेक्षा मोठा आहे का? सांगा वो, तुमीच सांगा."

मोरोपंत हातातल्या ताटाकडे पाहत होते. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस जायचं म्हणेल. सकाळपासून विहिरी आणि लोटे यांवाचून दुसरं बोलला नव्हता.

"मले भेव वाटते, गोदे," ते म्हणाले.

त्यांनी ताट मांडीवर टेकवलं.

"हुकमानं मी तीस वर्षं गेलो. तेव्हा भेव नव्हतं. पटकी दुसऱ्याले होते असं वाटे. पातूरले ती माह्या पोटात शिरली तेव्हा कळलं, ती कशी असते. आता अकोल्याचं नाव निघालं की पायात गोळे येतात. लोक म्हणतात, डॉक्टर बायकोच्या शपथेनं बांधला आहे. नाही वो. मी त्या शपथेच्या आड बसलो होतो. बरं होतं ते. कोणी विचारलं की तुह्याकडं बोट दाखवता येई." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "अन् ते हुकमाचं म्हणाल, तं बांधून नेलेला डॉक्टर विहिरीत औषध टाकील. पहिला लोटा नाही पिणार. तो आपल्या मनानंच प्यावा लागते."

"मंग जाऊ नका!" उद्धव म्हणाला. "झालं तं!"

"सत्तारनं काही निरोप दिला होता का?" मोरोपंतांनी जावयाला विचारलं.

कमलाकांतराव आधी घुटमळले. "दिला होता. म्हणाले, 'डॉक्टरसाब कू बोलना मत. वो दौड के आ जाएंगे.'"

मोरोपंतांनी ताट खाली ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पोरासोरांसमोर, जराही न लाजता.

गोदावरीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दोन वर्षं त्यांना वाटत होतं की आपण नवऱ्याला घट्ट धरून ठेवलं आहे. तो आपणहून आपल्या मुठीत येऊन बसला होता, हे आज कळलं. त्यांना त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती नुसती माया. भ्यालेल्या माणसाला घरात ठेवून घ्यायला त्या आनंदानं तयार होत्या. पण आता हा इथं भाजी निवडेल, शेंगा खाईल, आणि कान अकोल्याच्या बातमीकडे असतील. आणि सत्तारमियाँचं काही झालं तर तो शेंगाही खायचा नाही. मग ओरडायचं कुणावर?

"जायचं आहे का तुमाले?" त्यांनी विचारलं. सकाळपासून, किंबहुना तीस वर्षांत, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साहेबानं नाही, जावयानं नाही, खुद्द गोदावरीबाईंनीही नाही.

"भेव वाटते," मोरोपंत पुन्हा म्हणाले. "पण जायचं आहे."

"मंग भेव घेऊन जा. उचला ते ताट."

मोरोपंतांनी ताट उचललं. वरचा एक अनारसा घसरला, तो अनसूयेनं हातावर झेलला. जावयानं दोन्ही हात पुढं केले. गोदावरीबाईंनी पळी भरली आणि नवऱ्याच्या हातावर धरली. सगळे वाट बघत होते. पळी तशीच राहिली. मग त्यांनी ती पुन्हा पंचपात्रीत ओतली.

"पाणी सोड ना, माय," विमल हळूच म्हणाली.

"नाही सोडत."

"बघा!" उद्धव म्हणाला. "मायचा होकार नाही."

"तू चूप बैस रे. पाणी सोडलं की दान होते. अन् दान दिलेलं परत मागता येत नाही. हे अनारसे घ्या, जावईबापू, हे दान आहे, यांच्यावर सोडते मी पाणी. पण या माणसावर नाही." त्यांनी अनारशांवर पळीभर पाणी सोडलं आणि ताट जावयाच्या हातात गेलं. "शेजारीण दारात आली, घरात पीठ नाही म्हणाली, तं आपण देत नाही का? देतो. पण उसनं देतो. ती वाटी भरून नेते अन् वाटी भरून आणून देते. तसे हे मी अकोल्याले उसने देऊन राहिले. सायेबाले सांगा, हुकमानं नाही नेले, उसने नेले. नेले तसे परत पायजेत. छकड्यात आडवे नाही. आपल्या पायानं या दारातून आत आले पायजेत."

कमलाकांतरावांनी ताटासकट वाकून सासूच्या पायावर डोकं ठेवलं. धोंड्याच्या महिन्यात जावई पाया पडत नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मोरोपंत बायकोकडे पाहत होते. डोळे अजून ओलेच होते, पण मिशीखाली हसू फुटलं होतं.

"गोदे, वाटी सपाट भरून दिली का शीग लावून?"

"शीग लावून," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्या रडायला लागल्या.